एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रीची पाळी थांबते तेव्हा

१ एप्रिल २००४ रोजी केंद्र सरकारने देशातील आठ सरकारी रुग्णालयांतून एचआयव्हीवरची औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्या आठांपैकी एक होते. त्यानंतरच्या काही वर्षांत ज्या बायकांनी पंचविशी-तिशीत गोळ्या सुरू केल्या, ज्यांना आपल्या लागणीचा पत्ता बहुतेक वेळा नवऱ्याच्या आजारपणात किंवा गरोदरपणातल्या तपासणीत लागला, त्या आज पंचेचाळीस-पन्नाशीच्या आहेत. भारतात एचआयव्हीसह जगणाऱ्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण ४४ टक्क्यांच्या आसपास आहे आणि राज्यवार पाहता अशा व्यक्तींची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे. म्हणजे आपल्या एआरटी केंद्रांच्या (एचआयव्हीवरची औषधे देणाऱ्या केंद्रांच्या) रांगेत रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या बायका आता मोठ्या संख्येने उभ्या आहेत. त्या काळात माणूस वाचवणे हेच काम होते, त्यामुळे या वयाचा विचार करायला कुणाला फुरसत नव्हती हे समजण्यासारखे आहे. आज मात्र तो न करण्याला सबब उरलेली नाही.

अडचण अशी की एकदा एचआयव्हीचे निदान झाले की बाईची प्रत्येक तक्रार त्याच खात्यावर मांडली जाते. झोप येत नाही, अंगातून वाफा निघतात, सांधे धरतात, चिडचिड होते, तर ‘आजारच तसा आहे’ किंवा ‘गोळ्या गरम पडतात’ एवढे म्हणून विषय संपतो. यातले बरेचसे हार्मोनमधल्या बदलांमुळे होत असते, त्याचा शोध घेता येतो आणि त्यावर इलाजही करता येतो.

हार्मोनचे चक्र चालते कसे?

हार्मोन म्हणजे शरीरातील एका ग्रंथीने रक्तात सोडलेला आणि दुसऱ्या अवयवाला कामाला लावणारा रासायनिक निरोप. मासिक पाळीसाठी मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एफएसएच नावाचे हार्मोन सोडते. त्याच्या सांगण्यावरून बीजांडकोश बीज पिकवतात आणि इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन तयार करतात. या दोघांच्या चढउतारावर गर्भाशयाचे अस्तर वाढते आणि गळून पडते.

गच्चीवरची पाण्याची टाकी आणि विहिरीवरची मोटर डोळ्यांसमोर आणा. टाकी भरली की मोटर आपोआप बंद होते, रिकामी झाली की पुन्हा सुरू होते. पिट्युटरी ही मोटर, बीजांडकोश ही विहीर आणि रक्तातले इस्ट्रोजेन हे टाकीतले पाणी. वय झाले की विहीर आटते, टाकी भरेना होते आणि मोटर अधिकाधिक जोराने, विश्रांती न घेता चालत राहते. म्हणून रजोनिवृत्तीत इस्ट्रोजेन कमी आणि एफएसएच वाढलेले आढळते. सलग बारा महिने पाळी आली नाही आणि त्याला दुसरे काही कारण नसले, तर रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. भारतीय स्त्रियांत हे वय सरासरी ४६-४७ आहे, पाश्चात्त्य देशांत ते ५१ च्या आसपास असते. पंचेचाळिशीच्या आत पाळी गेली तर ती लवकर आलेली आणि चाळिशीच्या आत गेली तर अकाली रजोनिवृत्ती धरली जाते.

पाळी थांबली म्हणजे रजोनिवृत्तीच झाली का?

एचआयव्ही असलेल्या स्त्रीच्या बाबतीत घाईने होकार देऊ नये. कारण टाकी रिकामी राहण्याचे दुसरेही कारण असते: विहिरीला पाणी आहे, पण मोटरच बंद पडली आहे. वजन फार उतरले, उपासमार झाली, आजार बळावला, सीडीफोर पेशी (एचआयव्ही ज्यांवर हल्ला करतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) खूप घटल्या किंवा मनावर दीर्घकाळ ताण राहिला, तर मेंदू पाळीचे चक्र आवरते घेतो. अशा वेळी इस्ट्रोजेन कमी असतेच, पण एफएसएचही कमी किंवा मध्यम राहते. उपचार लागू पडले, वजन भरले की काही महिन्यांनी पाळी परत येते. आजार उशिरा लक्षात आलेल्या अनेक बायकांच्या बाबतीत असे घडते आणि ‘माझी पाळी तर गेली होती’ म्हणत त्या चक्रावून जातात.

तिसरी शक्यता आपल्याकडे विशेष लक्षात ठेवण्याची आहे. टाकी भरलेली आहे, पण नळच बंद आहे. क्षयरोग फुप्फुसांप्रमाणे गर्भाशयातही होतो. त्याने अस्तर खराब झाले, तर हार्मोन व्यवस्थित असूनही पाळी येत नाही. एचआयव्ही असलेल्या व्यक्तीला क्षयरोगाचा धोका मुळातच अधिक असतो. गर्भाशय काढलेल्या बाईचेही तसेच. बीजांडकोश शाबूत ठेवले असतील तर तिच्या शरीरात हार्मोन चालू राहतात, मात्र पाळी नसल्याने ती कधी थांबली हे कळायला मार्ग राहत नाही. कमी वयात गर्भाशय काढण्याचे प्रमाण किती असू शकते, हे बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये गाजलेल्या प्रकरणात महाराष्ट्राने पाहिलेच आहे. अशा स्त्रीला चाळिशीतच वाफा येऊ लागल्या, तर तिचे वय ऐकून डॉक्टरही रजोनिवृत्तीचा विचार करत नाहीत.

म्हणून पंचेचाळिशीच्या आत पाळी थांबली, तर सर्वांत आधी गरोदरपणाची तपासणी, मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि एफएसएच, आणि गरज वाटल्यास सोनोग्राफी, असा क्रम लागतो. एफएसएचच्या एका अहवालावर निकाल देऊ नये, कारण पाळी जाण्याच्या काळात ते आज एक आणि महिन्याने दुसरेच येते. चार ते सहा आठवड्यांनी ते पुन्हा तपासावे लागते.

विषाणूमुळे पाळी लवकर जाते का?

याचे उत्तर सरळ ‘हो’ असे देता येत नाही. काही देशांतील अभ्यासांत या स्त्रियांची रजोनिवृत्ती लवकर आलेली दिसली, काहींत फरक आढळला नाही. जिथे फरक दिसला, तिथे सीडीफोर फार कमी असणे, धूम्रपान, गरिबी आणि कुपोषण या गोष्टीही त्याच स्त्रियांमध्ये होत्या, आणि यातल्या कित्येक गोष्टी विषाणूविनाही पाळी लवकर घालवतात. शिवाय मोटर बंद पडलेल्या बायका ‘पाळी गेलेल्या’ म्हणून मोजल्या जाण्याचा घोळ जुन्या अभ्यासांत झालेला असू शकतो. माझ्या मते या प्रश्नात अडकून पडण्यापेक्षा चाळिशीच्या पुढच्या प्रत्येक स्त्रीला पाळीबद्दल दरवर्षी विचारणे अधिक उपयोगाचे आहे.

उलटी भीतीही पुष्कळजणींना असते, की पाळी गेली म्हणजे प्रतिकारशक्ती कमी होईल आणि गोळ्या लागू पडणार नाहीत. तसे होत नाही. नियमित गोळ्या घेणाऱ्या स्त्रीचा वायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, रजोनिवृत्तीनंतरही तितकाच दबलेला राहतो.

रात्रीचा घाम

एआरटी केंद्रात प्रत्येक भेटीत चार प्रश्न विचारले जातात: खोकला आहे का, ताप येतो का, वजन कमी झाले का, रात्री घाम येतो का. क्षयरोग हुडकण्यासाठी हे प्रश्न आहेत आणि ते विचारलेच पाहिजेत. आता चव्वेचाळीस वर्षांच्या एखाद्या बाईने चौथ्या प्रश्नाला ‘हो’ म्हटले असे समजा. तिची थुंकी तपासली जाते, छातीचा एक्स-रे निघतो, सगळे व्यवस्थित येते आणि तिला ‘टीबी नाही’ असे सांगून गोळ्या देऊन घरी पाठवले जाते. घाम तसाच येत राहतो. पाळी कधी आली होती, हा पाचवा प्रश्न तिला कुणी विचारलेलाच नसतो.

दोन्ही घामांत थोडा फरक असतो. रजोनिवृत्तीची वाफ एकाएकी छाती-मानेतून चेहऱ्यावर चढते, काही मिनिटे राहते, नंतर अंग गार पडते, आणि दिवसाही येते. ताप नसतो, वजन घटत नाही. क्षयरोगाच्या घामासोबत बहुधा संध्याकाळची कणकण, भूक मरणे, वजन उतरणे हे असते. मात्र या वर्णनावरून घरच्या घरी निदान करू नये. क्रम नेहमी हाच ठेवावा: आधी क्षयरोग नाही याची खात्री, मग हार्मोनचा विचार. ‘वय झाले, वाफा येणारच’ म्हणत क्षयरोग अंगावर काढणे ही चूक पहिल्या चुकीपेक्षा कितीतरी महाग पडते.

एवढ्या मोठ्या आजारात वाफांचे काय कौतुक, असा आक्षेप घरातूनही येतो आणि कधी कधी केंद्रातूनही. ब्रिटनमध्ये ४५ ते ६० वयाच्या, एचआयव्हीसह जगणाऱ्या ८६९ स्त्रियांचा ‘प्राइम’ नावाचा अभ्यास झाला. त्यात असे दिसले की ज्यांना रजोनिवृत्तीचा त्रास तीव्र होता, त्यांच्या गोळ्या चुकण्याचे प्रमाण जास्त होते. त्रासामुळेच गोळ्या चुकल्या, असे अशा पाहणीवरून ठामपणे म्हणता येत नाही. पण रात्री चार वेळा उठून कपडे बदलणाऱ्या, दिवसभर डोके जड असणाऱ्या बाईकडून वेळ न चुकवण्याची अपेक्षा करताना तिची झोप हा उपचाराचाच भाग मानायला हवा.

हाडे आणि हृदय

इस्ट्रोजेन हाडांची राखण करते. ते ओसरले की पाळी जाण्याच्या आसपासच्या काही वर्षांत हाडांची घनता दरवर्षी सुमारे २ टक्क्यांनी कमी होत जाते. एचआयव्हीवरचे उपचार नव्याने सुरू केल्यावर पहिल्या दोन वर्षांतही ती साधारण २ ते ६ टक्क्यांनी उतरते आणि पुढे बहुधा स्थिरावते. त्यातला मोठा वाटा टेनोफोविर या औषधाचा असतो. आपल्याकडे बहुतेकांना मिळणारी टीएलडी ही एकच गोळी म्हणजे टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांचे मिश्रण आहे. त्यामुळे पन्नाशीतल्या या स्त्रीच्या हाडांवर वय आणि औषध असा दुहेरी भार पडतो. म्हणून गोळ्या बंद करायच्या असा याचा अर्थ मुळीच नाही. विषाणू मोकाट सुटला तर हाडांचेच काय, कशाचेच खरे नाही. रजोनिवृत्तीनंतर हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करून घ्यावी. ती जिल्ह्याच्या ठिकाणीही सहज होत नाही, हे मान्य. ती होईना तरी ड जीवनसत्त्व पाहणे, रोज चालणे, तंबाखू आणि मशेरी सोडणे हे आपल्या हातात आहे.

हृदयाचेही असेच आहे. रजोनिवृत्तीनंतर रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढते, आणि विषाणू दबलेला असला तरी शरीरात मंद दाह धुमसत राहतो व तो रक्तवाहिन्यांना त्रासदायक ठरतो. भारतासह १२ देशांतील ४० ते ७५ वयाच्या ७,७६९ व्यक्तींवर झालेल्या ‘रिप्रीव्ह’ चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. हृदयविकाराचा धोका कमी किंवा मध्यम असलेल्या एचआयव्हीग्रस्तांना पिटाव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलवरची गोळी दिल्यावर हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. चाचणीतील सुमारे एक तृतीयांश व्यक्ती स्त्रिया होत्या. तेव्हा एआरटी केंद्रात सीडीफोर आणि वायरल लोड विचारताना आपले कोलेस्टेरॉल, साखर आणि रक्तदाबही विचारावा.

कॅल्शियमच्या गोळीची वेळ

हाडांसाठी डॉक्टर कॅल्शियम लिहून देतात आणि बाई ती आणि टीएलडी या दोन्ही गोळ्या एकदम, उपाशीपोटी घेऊन मोकळी होते. कॅल्शियम, लोह, झिंक आणि मॅग्नेशियम आतड्यात डोल्युटेग्राव्हिरला धरून ठेवतात, त्यामुळे ते रक्तात कमी उतरते. कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर टीएलडी घ्यावी. दोन्ही एकत्रच घ्यायच्या असतील तर पोटभर जेवणासोबत घ्याव्यात. टीएलडी रात्री घेणाऱ्यांनी कॅल्शियम सकाळच्या न्याहारीला घेतले की प्रश्नच मिटतो. ॲसिडिटीच्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमयुक्त औषधाला मात्र जेवणाची सवलत नाही, तिथे वेळेचे अंतर पाळावेच लागते. चांगल्या हेतूने दिलेली साधी मल्टिव्हिटॅमिनची गोळीही या यादीत येते, आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही.

हार्मोनचे उपचार घेतले तर कॅन्सर होत नाही का?

पाळी गेल्यावर कमी पडलेले हार्मोन औषध म्हणून देण्याच्या उपचारांबद्दलची ही भीती २००२ पासूनची आहे. त्या वर्षी अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचा भाग मध्येच थांबवण्यात आला, कारण इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखे कृत्रिम हार्मोन) एकत्र घेणाऱ्या स्त्रियांत स्तनांचा कर्करोग थोडा जास्त आढळला. हे ‘थोडे’ म्हणजे वर्षाला दर दहा हजार स्त्रियांमागे आठ अधिक रुग्ण. त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दशक उलटले होते. पुढच्या अभ्यासांतून असे स्पष्ट झाले की साठीच्या आत किंवा पाळी थांबल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलेल्या उपचारांचा हिशेब वेगळा असतो, आणि वाफांवर व हाडांवर त्यांचा फायदा निश्चित असतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या औषधांवरचे बरेचसे कडक इशारे काढून टाकण्याचे जाहीर केले. गर्भाशय असलेल्या स्त्रीने एकटे इस्ट्रोजेन घेतल्यास गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होऊ शकतो, हा इशारा मात्र कायम आहे, म्हणून तिला सोबत प्रोजेस्टेरॉन द्यावेच लागते. स्तनांचा कर्करोग होऊन गेलेल्या, रक्ताच्या गुठळ्या झालेल्या, यकृताचा गंभीर आजार असलेल्या किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होत असलेल्या स्त्रियांना हे उपचार देत नाहीत.

एचआयव्ही असणे हे नकाराचे कारण नाही. प्रश्न फक्त औषधांच्या एकमेकांवरील परिणामाचा असतो. डोल्युटेग्राव्हिर हार्मोनच्या वाटेला जात नाही. पूर्वी सर्रास दिले जाणारे इफाविरेन्झ आणि नेव्हिरापिन यकृताची गती वाढवून हार्मोन लवकर संपवतात. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिनही तेच करते. दुसऱ्या फळीच्या, म्हणजे पहिल्या गोळ्या लागू न पडल्यावर दिल्या जाणाऱ्या, उपचारात रिटोनाविर असते आणि त्याने हार्मोनची पातळी कमी-जास्त होऊ शकते. म्हणून मात्रा ठरवण्याआधी डॉक्टरांना गोळ्यांचे नाव कळलेच पाहिजे. त्वचेवरची चिकटपट्टी किंवा जेल गोळीपेक्षा अधिक सुरक्षित असते, कारण त्यात रक्ताच्या गुठळीचा धोका वाढत नाही. ‘नैसर्गिक’ म्हणून ऑनलाइन मिळणाऱ्या काही पुड्यांत आणि कॅप्सूलमध्ये सेंट जॉन्स वॉर्ट ही वनस्पती असते. ती डोल्युटेग्राव्हिरची पातळी खाली आणते, तेव्हा तिच्या वाटेला जाऊ नये.

गुडघ्यातले इंजेक्शन

हे प्रकरण रजोनिवृत्तीचे नाही, पण त्याच वयात घडते. गुडघे दुखतात म्हणून हाडांचे डॉक्टर ट्रायॅम्सिनोलोन या स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. रिटोनाविर घेणाऱ्या व्यक्तीच्या शरीरातून हे स्टेरॉइड लवकर बाहेर पडत नाही. एकाच इंजेक्शननंतर चेहरा गोल होणे, साखर चढणे आणि पुढे शरीराचे स्वतःचे कॉर्टिसोल हे हार्मोन बंद पडून गळून जाणे असे प्रकार नोंदले गेले आहेत. दम्याच्या पंपातले आणि नाकाच्या स्प्रेतले फ्लुटिकासोनही याच वर्गात मोडते.

शरीरसंबंध आणि दिवस राहण्याची शक्यता

इस्ट्रोजेन घटले की योनीमार्ग कोरडा पडतो, संबंधाच्या वेळी दुखते, लघवीला जळजळ होते. याबद्दल बायका बोलत नाहीत, आणि बोलल्याच तर गोळ्यांना दोष देतात. जागेवर लावायचे कमी मात्रेचे इस्ट्रोजेन मलम यावर उत्तम गुण देते आणि रक्तात जवळजवळ उतरत नाही. कंडोम वापरत असाल तर खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावू नये, त्याने रबर फाटते. पाण्यावर आधारलेले जेल वापरावे. जिचा वायरल लोड सातत्याने दबलेला आहे, तिच्याकडून जोडीदाराला संबंधातून लागण होत नाही, हेही इथे सांगून ठेवलेले बरे, कारण दुखण्यापेक्षा या भीतीनेच अनेक संसारांत अंतर पडलेले असते.

पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस राहत नाहीत, हा समज चुकीचा आहे. पन्नाशीच्या आत शेवटची पाळी आली असेल तर त्यानंतर दोन वर्षे, पन्नाशीनंतर आली असेल तर एक वर्ष गर्भनिरोधक चालू ठेवावे. तांबीला कोणत्याही एआरटीची अडचण नसते.

स्त्रीरोगतज्ज्ञाला सांगावे का?

अनेकजणी सांगत नाहीत, आणि अनुभव पाहता त्यांना दोष देता येत नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या केंद्राच्या कायद्यानुसार एचआयव्हीच्या कारणावरून उपचार नाकारणे हा भेदभाव आहे आणि रुग्णाच्या संमतीविना तिची माहिती फोडता येत नाही. कायदा कागदावर असणे वेगळे आणि ओपीडीच्या रांगेत तो आठवणे वेगळे, हे खरे. एक मधला मार्ग आहे. एआरटीच्या डॉक्टरांकडून किंवा काउन्सेलरकडून त्याच रुग्णालयातील स्त्रीरोग विभागासाठी चिठ्ठी घ्यावी आणि सोबत चालू गोळ्यांची नावे लिहून न्यावीत.

त्याच भेटीत गर्भाशयाच्या मुखाची तपासणीही करून घ्यावी. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांना तिथल्या कर्करोगाचा धोका इतरांच्या सहापट असतो. जागतिक आरोग्य संघटना त्यांच्यासाठी पंचविशीपासून दर तीन ते पाच वर्षांनी एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) चाचणी सुचवते. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, अगदी एखादा डाग जरी दिसला, तरी ‘पाळी परत आली’ असे समजून थांबू नये. त्या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवावे.